विश्लेषण : व्यापार करारांतून दूध वगळले, मग अहिल्यानगरच्या दूध उत्पादकाने निश्चिंत राहावे का?

संध्याकाळचे दूध घालून शेतकरी घरी पोहोचतो तोवर मोबाइलवर मेसेज आलेला असतो. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर. संगमनेर, अकोले, राहाता, राहुरी, पारनेर अशा तालुक्यांतल्या कितीतरी घरांचा महिना या चार आकड्यांवर चालतो. यातले पहिले तीन आकडे गोठ्यात ठरतात. चौथा आकडा मात्र आता केवळ दूध संघाच्या बैठकीत ठरत नाही. त्याची एक दोरी दिल्लीत आहे, दुसरी ब्रुसेल्समध्ये आणि तिसरी वॉशिंग्टनमध्ये.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडशी आणि जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. या तिन्ही वेळी केंद्र सरकारने एकच ग्वाही दिली : दूध आणि दुग्धजन्य पदार्थ सवलतींच्या बाहेर आहेत. त्याआधी ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारत ‘आरसेप’ या आशियाई-प्रशांत करारातून बाहेर पडला. त्या निर्णयामागेही दूध उत्पादकांची भीती हे एक मोठे कारण होते.

ही ग्वाही महत्त्वाची आहे, यात शंका नाही. पण तेवढ्यावर विसंबणे परवडणारे नाही. कारण परदेशी मालाला अडवणाऱ्या भिंती दोन आहेत. एक शुल्काची, दुसरी मानकांची. शुल्क शेतकऱ्याचा दर राखते, मानक ग्राहकाचे आरोग्य राखते. आपण चर्चा करताना या दोन्ही भिंतींची गल्लत करतो आणि मग दोन्ही कच्च्या राहतात.

कोतुळच्या आंदोलनाचा आयातीशी काय संबंध होता?

जुलै २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतुळला दूध उत्पादक धरणे धरून बसले होते. मागणी होती लिटरला ४० रुपये दराची. त्याच्या काही दिवस आधी, जूनच्या अखेरीस, विदेश व्यापार महासंचालनालयाने १० हजार टन दूध पावडर १५ टक्के शुल्काने आयात करायला परवानगी दिली होती. एरवी हे शुल्क ६० टक्के असते. देशात पावडरीचे साठे पडून असताना हा निर्णय आल्याने शेतकरी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला.

१० हजार टन म्हणजे नेमके किती? एक लिटर गायीच्या दुधातून साधारण ९० ग्रॅम स्किम्ड पावडर निघते. त्या हिशेबाने ही पावडर सुमारे ११ कोटी लिटर दुधाची झाली. आकडा मोठा वाटतो. पण २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन २३ कोटी ९० लाख टनांवर होते. म्हणजे देशात हजार लिटर दूध निघत असेल, तर त्यामागे ही आयात जेमतेम अर्धा लिटर.

मग दर का हलतो? कारण दर सगळ्या दुधावर ठरत नाही, शिल्लक राहिलेल्या दुधावर ठरतो. घरी वापरून आणि पिशवीतून विकून जे दूध उरते, त्याची पावडर आणि लोणी होते. पावडरीचा भाव पडला की प्रकल्प खरेदी दर खाली आणतात. गोदामे भरलेली असताना स्वस्त पावडर येणार अशी नुसती बातमी आली, तरी व्यापारी हात आखडता घेतो. आयात थोडी असली तरी तिचा इशारा मोठा असतो.

त्या वर्षी राज्य सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला १ जुलैपासून ३० रुपये दर व ५ रुपये अनुदान ठरवले. ऑक्टोबरपासून ते २८ रुपये दर व ७ रुपये अनुदान असे झाले. शेतकऱ्याची बेरीज ३५ रुपयेच राहिली. पण दूध प्रकल्पांचा वाटा दोन रुपयांनी घटला आणि सरकारी तिजोरीचा तेवढाच वाढला. पावडरीची मंदी शेवटी करदात्याच्या खिशापर्यंत पोहोचते, ती अशी.

हा १० हजार टनांचा कोटा आला कुठून?

हा कोटा २०२४ मध्ये अचानक जन्माला आलेला नाही. जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा भारताने दिलेल्या वचनांत दूध पावडरीवरचे कमाल शुल्क शून्य होते. पुढे अनुदानाच्या जोरावर स्वस्त झालेली परदेशी पावडर येऊ लागल्यावर चूक लक्षात आली. १९९९-२००० च्या सुमारास भारताने फेरवाटाघाटी केल्या आणि ६० टक्के शुल्काची मुभा मिळवली. त्या बदल्यात काही सवलती द्याव्या लागल्या. १५ टक्के शुल्काचा १० हजार टनांचा कोटा ही त्यातलीच एक.

वाटाघाटीत एकदा दिलेला शब्द परत घ्यायचा तर किंमत मोजावी लागते, आणि ती पंचवीस वर्षांनी कोतुळच्या शेतकऱ्यालाही मोजावी लागू शकते. त्यामुळे ‘या करारात दूध नाही’ एवढे ऐकून थांबू नये. यादीत आणखी काय आहे, हेही पाहायला हवे.

दूध नाही, पण पशुखाद्याचे काय?

फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिकेने अंतरिम व्यापार कराराच्या आराखड्याचे संयुक्त निवेदन काढले. त्यात भारत ज्या शेतमालावरचे शुल्क हटवेल किंवा कमी करेल, त्या यादीत डीडीजीएस आणि पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी यांचा उल्लेख आहे. डीडीजीएस म्हणजे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा सुका चोथा. त्यात प्रथिने भरपूर असतात आणि तो पेंडीपेक्षा स्वस्त पडू शकतो. गोठ्याचा निम्म्याहून अधिक खर्च चाऱ्या-खाद्यावर जात असताना स्वस्त खाद्य कोणाला नको?

प्रश्न दोन आहेत. पहिला, अमेरिकेतला बहुतेक मका जनुकीय बदल केलेला असतो. भारतात व्यापारी लागवडीला परवानगी असलेले असे पीक एकच : २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० पासून स्थगिती आहे. आयात होणाऱ्या २४ खाद्यपिकांसाठी ‘जनुकीय बदल नसल्याचे’ प्रमाणपत्र मार्च २०२१ पासून सक्तीचे आहे. दूध पुढच्या दारातून आले नाही, तरी वादग्रस्त मका चोथ्याच्या रूपाने मागच्या दाराने गव्हाणीत येऊ शकतो.

दुसरा प्रश्न बुरशीचा. मक्यातला स्टार्च इथेनॉलमध्ये गेला की उरलेल्या चोथ्यात बाकी सगळे घटक जवळपास तिप्पट दाट होतात. त्यात बुरशीचे विषही आले. प्रत्येक खेप बंदरावर तपासली गेली तर हा धोका आटोक्यात राहतो. नाही तपासली तर तो थेट दुधात उतरतो.

आणि मानक नेहमी परक्यांच्या दबावानेच वाकते असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचे भाव चढले, तेव्हा कोंबडी खाद्यासाठी १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला केंद्राने परवानगी दिली. पेंड हा ‘जिवंत’ घटक नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. त्यानंतर नवे सोयाबीन बाजारात येईपर्यंत भाव झपाट्याने उतरले. आवक हे त्याचे एक कारण होतेच. पण शेतकऱ्याने घ्यायचा तो धडा घेतला.

‘मांसाहारी दूध’ हा वाद काय आहे?

दुग्धजन्य पदार्थ भारतात पाठवायचे तर प्रमाणपत्र लागते : ज्या जनावराचे दूध आहे, त्याला रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अंतर्गत अवयव, रक्त किंवा ऊती असलेले खाद्य कधीही दिलेले नाही. अमेरिका अनेक वर्षे या अटीला व्यापारातला अडथळा म्हणते. भारत श्रद्धेचा आधार देतो.

या अटीला शास्त्राचाही आधार आहे, पण आपण तो कमी सांगतो. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला आणि मांस-हाडांची भुकटी गायींना खाऊ घातल्याने तो पसरल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्यानंतर युरोपने अशा खाद्यावर कडक बंदी आणली. अमेरिकेने १९९७ मध्ये बंदी घातली. पण रक्तजन्य घटकांना त्यात सूट ठेवली.

हा फरक महत्त्वाचा का, ते कोंबडीच्या एका खटल्यावरून कळते. बर्ड फ्लूचे कारण देऊन भारताने २००७ पासून अमेरिकी कोंबडी मांस अडवले होते. अमेरिका २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५ मध्ये अपिलातही भारत हरला. भारताने जोखमीचे शास्त्रीय मूल्यमापन दाखवले नव्हते. शिवाय देशात रोग आढळला की निर्बंध दहा किलोमीटरच्या परिसरात, आणि परदेशात आढळला की बंदी अख्ख्या देशावर, असा आपला नियम होता. घरी एक आणि दारी एक, हे मानक तिथे टिकत नाही.

मग आपल्या घरी काय स्थिती आहे?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ११०३ शहरांतून दुधाचे ६४३२ नमुने तपासले. अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के, अफ्लाटॉक्सिन एम१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त होते. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते. आपण भेसळीच्या बातम्या चवीने वाचतो. खरी अडचण खाद्यात आणि औषधात आहे.

बुरशी लागलेली सरकी पेंड, ओला राहिलेला मका भरडा, पिशवी फाटून हवा लागलेला मुरघास. यातून अफ्लाटॉक्सिन गायीच्या पोटात जाते आणि दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. कासेला दगडी झाली की प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर ठरावीक दिवस दूध केंद्रावर घालायचे नसते; पण त्या दिवसांचे पैसे कोण देणार?

अफ्लाटॉक्सिन एम१ ची भारतातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेतही तेवढीच. युरोपची ०.०५, म्हणजे दहापट कडक. उद्या आपले तूप-चीज युरोपात विकायचे म्हटले, तर हाच आकडा आडवा येईल. संकलन केंद्रावरचे यंत्र मात्र फॅट आणि एसएनएफ दाखवते. बुरशीचे विष त्याला दिसत नाही आणि म्हणून मेसेजमध्येही येत नाही.

मानक कडक केले तर छोटा शेतकरी मरेल, हे खरे का?

दोन गायींच्या गोठ्यावर तपासणीचा खर्च टाकला तर नक्कीच मरेल. पण द्राक्षाने दुसरा रस्ता दाखवला आहे. २०१० मध्ये महाराष्ट्रातली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘सीसीसी’, या घटकाच्या अंशामुळे युरोपात अडकली. बागायतदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर तपासणीच्या यादीत असे घटक वाढले, ‘ग्रेपनेट’वर बागेची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांची शिस्त घट्ट झाली आणि निर्यात टिकली. आपल्या संगमनेर-राहात्याच्या पट्ट्यात पिकणाऱ्या भगव्या डाळिंबाचे उदाहरण ताजे आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले भगवा डाळिंब विकिरण प्रक्रिया करून समुद्रमार्गे अमेरिकेत पोहोचले. दुसऱ्याचे मानक पाळले म्हणून दार उघडले.

दुधातही हे जमेल, पण खर्चाची वाटणी आधी ठरली पाहिजे. त्यासाठी काही गोष्टी आजच मागता येतील.

एक, बल्क कूलरच्या पातळीवर अफ्लाटॉक्सिन आणि प्रतिजैविकांची तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च संघ व सरकारने उचलावा. मंदीत लिटरला सात रुपये अनुदान देता येते, तर त्याचा छोटा हिस्सा तपासणीसाठी कायम राखता येईल.

दोन, स्वच्छ दुधाला जादा दर मिळावा. फॅटला पैसे मिळतात म्हणून शेतकरी फॅट सांभाळतो. सुरक्षिततेला पैसे मिळाले तर तो तीही सांभाळेल.

तीन, देशी असो वा परदेशी, पशुखाद्याच्या प्रत्येक गोणीवर घटक छापलेले असावेत आणि नमुने तपासले जावेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. खाद्य तपासणीचे काम त्याच्याकडे सोपवता येईल.

चार, पावडरीचे देशातले साठे दर महिन्याला जाहीर व्हावेत आणि साठे पुरेसे असताना आयातीचा कोटा उघडू नये.

पाच, शेती हा राज्यांचा विषय आहे आणि परदेशी करार केंद्राचा. म्हणून करार होण्याआधी राज्याने दूध संघांशी आणि उत्पादकांशी बोलावे, सही झाल्यावर नव्हे.

दर वाचवायचा असेल तर शुल्काची भिंत हवी, आणि ते उघडपणे सांगण्यात लाज नाही. अमेरिका आणि युरोपही आपल्या शेतकऱ्यांना असेच जपतात. पण दर्जाच्या नावाने परदेशी माल अडवायचा असेल, तर तोच दर्जा आपल्या केंद्रावर मोजून दाखवावा लागेल. संध्याकाळच्या त्या मेसेजमध्ये लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर यांच्यासोबत ‘सुरक्षित’ असा पाचवा रकाना ज्या दिवशी येईल, त्या दिवशी वाटाघाटीच्या टेबलावर भारताच्या प्रतिनिधीला श्रद्धेसोबत पुरावाही ठेवता येईल.