विश्लेषण : ग्राफिक्स कार्डचा पंखा किती वेगाने फिरवावा?

मे महिन्यात नागपूर, अकोला, जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घरातले संगणकही तापतात. व्हिडीओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग किंवा गेमिंगसाठी घेतलेले ग्राफिक्स कार्ड हा बहुतेकदा संगणकातला सर्वांत महाग भाग. अनेकांनी तो हप्त्यांवर घेतलेला असतो आणि काहींची रोजीरोटी त्यावर चालते. ते टिकावे म्हणून काही जण पंखा कायम १०० टक्के वेगाने चालवतात, तर काही जण आवाज नको म्हणून अगदी हळू ठेवतात. दोन्ही टोके टाळायला हवीत.

पंखा आपोआप चालतो, मग बदल कशाला?

कोणत्या तापमानाला पंख्याने किती फिरायचे, याचा आलेख कंपनी कार्डमध्येच भरून देते. त्याला ‘फॅन कर्व्ह’ म्हणतात. अनेक कार्डांचे पंखे ५० ते ६० अंशांपर्यंत फिरतही नाहीत. हा आलेख म्हणजे शांतता आणि थंडावा यांतली तडजोड. मात्र पंखा थंड हवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे काम आणि पंख्याचा वेग तेवढाच असताना खोली १० अंशांनी तापली, तर कार्डही जवळपास तेवढेच तापते.

किती तापमान धोक्याचे?

एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० साठी ९३ अंश, तर आरटीएक्स ४०९० साठी ९० अंश ही कमाल मर्यादा दिली आहे. मर्यादेजवळ पोहोचताच कार्ड स्वतःच आपला वेग कमी करते. याला ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. म्हणजे कार्ड लगेच जळत नाही. पण सतत उष्णतेत थर्मल पेस्ट सुकते आणि वारंवार तापण्या-निवण्याने सोल्डरच्या जोडांवर ताण येतो. पूर्ण भार असताना ६५ ते ८० अंश हा निर्धास्त राहण्याजोगा पट्टा. चिपसोबत ‘हॉटस्पॉट’ आणि मेमरीचे तापमानही पाहावे. अनेक कार्डांवर ते एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसते.

मग पंखा पूर्ण वेगाने का नको?

कार्डमध्ये फिरणारा भाग एकच, तो म्हणजे पंखा. जितका फिरेल, तितके त्याचे बेअरिंग झिजेल. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण पंख्याला वीज सुमारे आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. वरच्या टप्प्यात वेग वाढवून मिळणारा थंडावा मात्र कमी कमी होत जातो.

कर्व्ह कसा ठेवावा?

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहेच. सुरुवातीला ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ४५, ७० ला ६०, ८० ला ८० आणि ८५ च्या पुढे १०० टक्के असा चढता आलेख ठेवता येईल. अर्धा तास नेहमीचे काम करून आकडे पाहावेत आणि मग एकेक बिंदू थोडा सरकवावा. ‘हिस्टेरेसिस’मध्ये दोन-तीन अंशांची मुभा दिली, तर पंखा सारखा वर-खाली होत नाही.

तरीही तापमान उतरत नसेल तर?

दोष बहुधा पंख्यात नसतो. कॅबिनेट भिंतीला किंवा टेबलाच्या कप्प्यात कोंबलेले असेल, जाळीत धूळ बसली असेल, तर आत गरम हवाच फिरत राहते. संगणक बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून धूळ उडवावी. ‘पॉवर लिमिट’ १०० वरून ८५ टक्क्यांवर आणली, तर कामाचा वेग थोडाच घटतो आणि उष्णता स्पष्टपणे कमी होते. कार्ड उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

जुने कार्ड घेताना काय पाहावे?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले आणि वापरलेली असंख्य कार्डे बाजारात आली. मायनिंगमध्ये पंखे रात्रंदिवस फिरलेले असतात. त्यामुळे पंख्याची खरखर आधी ऐकावी.

शांतता की थंडावा, असा पेच पडलाच तर हिशेब सोपा आहे. झिजलेला पंखा तुलनेने कमी खर्चात बदलता येतो. चिप गेली, तर बहुधा कार्डच जाते. म्हणून उन्हाळ्यात थोडा आवाज सोसावा आणि पावसाळा लागला की कर्व्ह पुन्हा खाली आणावा.