बागेला माळी आहे, कुलूप आहे. राखणदार कुठाय?

माटुंग्यातल्या बागांच्या दारावरची पाटी कधी नीट वाचलीय? फुलं तोडू नका, कुत्रे आणू नका, क्रिकेट खेळू नका, कचरा टाकू नका. नियम भरपूर, पण ते पाळले जातायत का हे बघणार कोण? गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला कंत्राटी वॉचमन. त्याच्याकडे अधिकार एकच, शिट्टी. आणि ती वाजते कुणावर, तर पाच उद्यानात बाकावर बसलेल्या जोडप्यावर!

त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. त्याला गेट उघडायला आणि बंद करायला ठेवलंय, तेवढं तो करतो. राग आहे तो एवढ्या वर्षांत बागेसाठी याहून वेगळा माणूस लागतो हेच न सुचलेल्या महापालिकेवर.

जरा मागे जाऊ. 1896 ला प्लेग आला, 1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या मुंबईला मोकळी हवा मिळावी म्हणून दादर-माटुंगा आखला गेला. ट्रस्टमधल्या मंचेरजी जोशी या इंजिनिअरनं पारशी कॉलनी वसवली, आज पाच उद्यानांना त्यांचंच नाव आहे. म्हणजे आपल्याकडे बाग हा नटवण्याचा प्रकार नव्हता, रोगावरचा उपाय होता. 1933 ला ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. झाडांना माळी मिळाला. बागेत येणाऱ्या माणसांना कोण मिळालं?

तिकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक आहे. त्याला गणवेश आहे, ठरलेलं बीट आहे, गस्त आहे आणि पाठीशी 1972 चा वन्यजीव कायदा आहे. इकडे आपल्या बागेत कुणी फांदीवर कुऱ्हाड घातली तर वॉचमन फार तर फोन करणार. 1975 च्या झाडांच्या कायद्यातले अधिकार ऑफिसात बसलेल्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. तो येईपर्यंत फांदी टेम्पोत.

मुंबईनं आजवर काय काय करून पाहिलं? क्लीन-अप मार्शल आणले. दंडातला अर्धा वाटा एजन्सीला! मग मार्शल घाण थांबवायला उभा राहील की पावती फाडायला? वसुलीच्या तक्रारी झाल्या, योजना बंद, मग पुन्हा चालू. मोकळ्या जागा 'दत्तक' देऊन पाहिल्या. त्यात पुढाऱ्यांच्या संस्था घुसल्या, 2016 ला एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना धोरणाला स्थगिती द्यावी लागली.

आणि आपल्या माटुंगेकरांनी काय केलं? उड्डाणपुलाखाली जुगारी आणि गर्दुल्ले बसायला लागले तेव्हा रहिवाशांनी पदरमोड करून खासगी रक्षक नेमले, पाठपुरावा केला आणि 2016 ला तिथं नानालाल मेहता उद्यान उभं राहिलं. सलाम त्यांना. पण पदरमोड करणारी वस्ती असेल तिथंच बाग सुरक्षित, असा हिशेब शहराला चालणार आहे का?

कारण आपल्याच एफ उत्तर वॉर्डात, वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात मार्च 2024 मध्ये काय झालं ते आठवा. चार आणि पाच वर्षांचे दोन सख्खे भाऊ पाण्याच्या टाकीत बुडून गेले. टाकीला झाकण नव्हतं, वर प्लास्टिकचा कागद होता. आईबाप फुटपाथवर राहणारे. मुलांना खेळायला दुसरं अंगण नव्हतं. टाकी रस्त्यावर नव्हती, चोरून खणलेली नव्हती, महापालिकेच्या बागेत होती. रोज बागेत फेरी मारणारा आणि वहीत 'झाकण नाही' असं लिहिणारा एक जबाबदार माणूस असता, तर? उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि पैशाची अडचण हे उत्तर होऊ शकतं का, असं महापालिकेला विचारलं.

पैशाचंच म्हणाल तर न्यूयॉर्क 1975 ला दिवाळखोरीच्या काठावर होतं. बागांची रया गेलेली, लोक आत जायला घाबरायचे. त्याच शहरानं 1979 ला पार्क रेंजर सुरू केले. गणवेशातले, प्रशिक्षण घेतलेले, पोरांना झाडं-पक्षी दाखवणारे आणि नियम मोडणाऱ्याला अडवणारेही. आपली तर देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका. असो.

मागणी साधी आहे. एफ उत्तरमध्ये प्रयोग करा. पाच उद्यान, माहेश्वरी, नप्पू, नानालाल मेहता आणि कर्वे उद्यान मिळून दहा-बारा उद्यानरक्षक. पगारी, महापालिकेचे, कमिशनवाले नव्हे. त्यांना झाडांची ओळख हवी, प्रथमोपचार यायला हवेत, बायामाणसांशी बोलायची रीत हवी. त्यांच्या फेरीची वही गेटवर कुणालाही बघता आली पाहिजे. आणि जोडप्यांना हुसकावणं हे त्यांचं काम नाही, हे नेमणूकपत्रातच लिहा.

आज संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा आपल्या बागेतल्या टाकीचं झाकण तेवढं बघून या. फोटो खाली टाका, बागेच्या नावासकट. सगळे एकत्र करून वॉर्ड ऑफिसात नेऊन देतो.