पंचांग एक, घरे अनेक

वाचकहो, आमच्या उज्जैनीत रविवारची सकाळ पोहे-जिलबीवाचून साजरी होत नाही. शिंदेशाहीत दक्षिणेतून येथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांनी पुरणपोळी सोडली नाही, आणि माळव्याची जिलबीही परकी मानली नाही. त्या रविवारी फ्रीगंजातून जिलबीचा पुडा आला होता. पण घरातली हवा गोड नव्हती. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने चालून आलेली बँकेची नोकरी नाकारून मुंबईस संशोधनासाठी जाण्याचे ठरवले होते. संशोधनाचा विषय काय, तर यीस्ट! म्हणजे हलवाई ज्याला खमीर म्हणतो, तेच.

"पाच वर्षे खमिरावर घालवणार?" भाऊ मला म्हणाला. "दादा, तुम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेत. ती तुमचे ऐकते. तुम्हीच तिला समजवा."

नव्वदीला टेकलेल्या आमच्या आईने त्यात भर घातली, "पाव करायला शिकायचे, तर त्यासाठी मुंबई कशाला?"

मी तिला समजावयास बसलो खरा. पण उठलो तो स्वतःच काही समजून घेऊन. ते आज तुम्हांस सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तिने मला एकच प्रश्न विचारला. "काका, डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुके सारखीच असतात ना? मग डोळा पित्त का तयार करीत नाही?"

प्रश्न साधा आहे, पण त्याने शास्त्रज्ञांची कित्येक दशके घेतली. आईच्या उदरात एका पेशीपासून आपला देह घडतो. त्या पेशीतील जनुकांची प्रत जवळजवळ प्रत्येक पेशीला जशीच्या तशी मिळते. तरीही एक पेशी मज्जातंतू होते, दुसरी स्नायू, तिसरी त्वचा. हे कसे घडते, हे आपल्या गावच्या दाखल्याने सांगतो. उज्जैन हे पंचांगाचे गाव. भारतीय ज्योतिर्गणिताने मध्यरेषा याच नगरीवरून जाते असे मानले. सवाई जयसिंगाची वेधशाळा आजही क्षिप्रेकाठी उभी आहे. एकच पंचांग घरोघरी खुंटीला असते. पण ज्या घरी मुंज, तेथे मुंजीच्या मुहूर्ताचे पान उघडते. ज्या घरी श्राद्ध, तेथे तिथीचे. पंचांग तेच, उघडलेले पान निराळे. पेशीतही जनुकांचा ग्रंथ तोच असतो. कोणते पान वाचावयाचे आणि कोणते मिटून ठेवावयाचे, एवढेच ठरवावे लागते. हे ठरवणारी काही खास प्रथिने असतात. ती डीएनएवरील ठरावीक अक्षरओळ ओळखून तेथे जाऊन बसतात आणि शेजारच्या जनुकाचे वाचन सुरू करवितात किंवा बंद पाडतात. या वाचनास प्रतिलेखन म्हणतात. म्हणून त्यांना आपण प्रतिलेखनाची नियामक प्रथिने म्हणू.

आता यीस्टकडे वळू. काळभैरवाला अर्पण होणारे मद्य असो, जिलबीचे आंबलेले पीठ असो वा बेकरीतला पाव असो, या सर्वांच्या मुळाशी हीच एका पेशीची बुरशी असते. अनुकूल अन्न मिळाले की सुमारे दीड तासात एकीच्या दोन होतात. तिच्या १६ गुणसूत्रांवर सुमारे ६,००० जनुके आहेत, आणि १९९६ मध्ये तिचा जनुकग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून पूर्ण झाला. आपल्याप्रमाणे तिच्या पेशीलाही केंद्रक असते; जीवाणूला ते नसते. म्हणून आपल्या पेशीचे गूढ उकलण्यासाठी हा सोपा गडी शास्त्रज्ञांनी निवडला.

आणि या गड्याच्याही तीन तऱ्हा आहेत. एक 'ए' जातीची पेशी, दुसरी 'अल्फा' जातीची, आणि या दोघींचा संयोग होऊन बनलेली तिसरी, जोड पेशी. 'ए' आणि 'अल्फा' एकमेकींना गंधासारखे रासायनिक निरोप धाडतात. 'अल्फा'चा निरोप म्हणजे अवघ्या १३ अमिनो आम्लांची एक साखळी. तो पोहोचला की 'ए' पेशी वाढ थांबवून निरोपाच्या दिशेने लांबट होते. जोड पेशी मात्र असल्या निरोपांना दाद देत नाही. पण नायट्रोजनाचा दुष्काळ पडला की चार बीजुके निर्माण करते, दोन 'ए' आणि दोन 'अल्फा'. एकाच जनुकग्रंथातून हे तीन निराळे स्वभाव कसे उमटतात?

अमेरिकेतील आयरा हर्स्कोविट्झ आणि त्यांचे सहकारी जेफ्री स्ट्रॅथर्न व जेम्स हिक्स यांनी या कोड्याचा उलगडा केला. १९८१ मध्ये त्यांनी मांडलेली उपपत्ती पुढील प्रयोगांनी पक्की झाली. तिसऱ्या गुणसूत्रावर एक छोटी जागा आहे. 'ए' पेशीत तेथे एक मजकूर असतो, 'अल्फा' पेशीत दुसरा. सर्व फरक त्या इवल्याशा जागेतून उगवतो.

'एम्सीएम-१' नावाचे एक नियामक प्रथिन तिन्ही तऱ्हांच्या पेशींत असते. 'ए' पेशीत ते आपल्या बळावर 'ए'ची पाने उघडते. 'अल्फा'ची पाने उघडणारे तेथे कोणी नसते, म्हणून ती मिटलेलीच राहतात. 'अल्फा' पेशीत दोन नवे सोबती येतात. 'अल्फा-१' हा त्याच 'एम्सीएम-१'च्या साह्याने 'अल्फा'ची पाने उघडतो, तर 'अल्फा-२' हा त्याच 'एम्सीएम-१'च्या शेजारी बसून 'ए'ची पाने मिटवितो. जोड पेशीत आणखी गंमत होते. तेथे 'अल्फा-२'ला 'ए-१' हा नवा जोडीदार भेटतो, आणि ही जोडी संयोगासाठी लागणारी सारी पाने मिटून टाकते, 'अल्फा-१'चे पानसुद्धा! चार-पाच प्रथिने, आणि त्यांतून तीन संसार. सोबती बदलला की त्याच प्रथिनाचे काम बदलते, हा यातला मुख्य बोध होय.

"काका, हेच तत्त्व माणसात चालते," पुतणी म्हणाली. ते खरे आहे. 'ए-१' आणि 'अल्फा-२' यांच्या घडणीतला डीएनएला धरणारा भाग माशीच्या आणि माणसाच्या देहाची आखणी करणाऱ्या प्रथिनांतही सापडतो. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतील पेशींत केवळ चार नियामक घालून त्यांना पुन्हा गर्भावस्थेतील पेशींसारखे केले. २०१२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मिटलेली पाने फाटलेली नसतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

आपल्या महाराष्ट्रातही या विद्येचे पीठ आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. पी. जे. भट यांनी यीस्टमधील गॅलॅक्टोजच्या जनुकांवर दीर्घकाळ काम केले आणि २००८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. गॅलॅक्टोज ही दुधातील साखरेचा एक घटक. 'गॅल-४' हे नियामक प्रथिन जनुकाशेजारी आधीच येऊन बसलेले असते. पण 'गॅल-८०' त्याला झाकून ठेवते. गॅलॅक्टोज आले की 'गॅल-३' ते झाकण दूर करते, आणि जनुकाचे वाचन सुमारे हजारपट वाढते. मात्र समोर ग्लुकोज असेल, तर पेशी गॅलॅक्टोजकडे ढुंकूनही पाहत नाही. सोपे अन्न हाताशी असता कष्टाचे कोण पचवील?

एव्हाना आई जपमाळ बाजूला ठेवून ऐकत होती. तिने विचारले, "म्हणजे जे मिटले ते मेले नाही?"

त्यावर पुतणीने सांगितलेली गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. यीस्टच्या त्याच गुणसूत्राच्या दोन टोकांकडे आणखी दोन जागा असतात. एकीत 'ए'चा मजकूर जपलेला असतो, दुसरीत 'अल्फा'चा. पण दोन्ही कुलूपबंद. रानातील यीस्टपेशीला जात बदलावयाची झाली की ती मधल्या जागेतला मजकूर कापून काढते आणि कुलपातील प्रतीवरून दुसरा उतरून घेते. मूळ प्रत पेटीत तशीच राहते. हे करण्याचा अधिकार जिने एकदा तरी मुलीला जन्म दिला आहे अशा मातृपेशीलाच असतो. नव्या मुलीपेशीत एक प्रथिन तिला अडवून धरते. हे कुलूप कसे टिकते, याचा शोध घेणाऱ्यांत भारतातून अमेरिकेत गेलेले डॉ. अमर क्लार अग्रणी होते. कुलूप राखणारे एक जनुक बिघडले की दोन्ही पेट्या एकदम उघडतात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवले. मग काय होते? एकेरी पेशी स्वतःला जोड पेशी समजते आणि कोणाशीच जुळत नाही. सारी पाने एकदम उघडणे हेही हिताचे नाही, तर!

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्या घरचे मराठी असेच आहे म्हणायचे. बाहेर हिंदी, घरात मराठी. पण पेटी राखणारे कोणी हवे."

उपमा फार ताणू नये, हे मी जाणतो. यीस्टची पेटी निसर्ग राखतो; आपली पेटी आपणच राखावी लागते, आणि ती एका पिढीच्या आळसानेही रिकामी होऊ शकते. एवढा भेद सोडला, तर आईचे म्हणणे मला पटले.

राहिला प्रश्न भावाचा. त्याला मी एका माळवी मुलीची आठवण करून दिली. इंदुरात जन्मलेल्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागावयास गेल्या. त्या स्त्री असल्यामुळे सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत. एका वर्षाच्या कसोटीवर प्रवेश मिळवून त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट त्यांना मिळाली, ती वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम या श्वसनातील द्रव्यावरच्या कामासाठी. हे सायटोक्रोम डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये जगापुढे मांडले होते, आणि त्या निरीक्षणांतही बेकरीच्या यीस्टचा मोठा वाटा होता. कमलाबाई सोहोनी या नावाने त्यांना आज सारा देश ओळखतो. त्या वेळी त्यांच्या वडिलांनी "एवढ्याशा द्रव्यावर इतकी वर्षे?" असे म्हटले असते तर?

भाऊ काही बोलला नाही. पण पुढल्या आठवड्यात अवंतिका एक्स्प्रेसचे तिकीट त्यानेच काढून आणले. मी त्याला एवढेच म्हटले, की नोकरीची चिंता खोटी नव्हती. संशोधनाची वाट लांब आहे आणि तिच्या शेवटी पालखी उभी असतेच असे नाही. मुलीला ते ठाऊक आहे. ठाऊक असून ती जाते आहे, म्हणूनच तिला अडवू नये.

स्टेशनावर आईने तिच्या हाती दोन वस्तू ठेवल्या: जिलबीचा पुडा आणि नव्या वर्षाचे पंचांग. "दर रविवारी फोन कर," ती म्हणाली, "आणि मराठीत बोल."

वाचकहो, पुढील महिन्यात दुधाचे दही करणाऱ्या जीवाणूंविषयी लिहीन. या विषयी आपल्या शंका असल्यास अवश्य कळवाव्यात. मला न आल्या तर पुतणीला विचारीन.