भाषा शिकायची कोणी?

लॉर्ड वेलस्लीने १८०० मध्ये कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले, तेव्हा लंडनमधील कंपनीच्या संचालकांना तो खर्च रुचला नव्हता. वेलस्लीची भूमिका मात्र ठाम होती: ज्या प्रजेचा कारभार पाहायचा, तिची भाषा अधिकाऱ्याला आलीच पाहिजे. इंग्लंडहून नुकत्याच आलेल्या तरुण नोकरांसाठी पगारी पंडित आणि मुन्शी नेमले गेले. तेथे मराठीही शिकवली जाई. विल्यम केरीने पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण सिद्ध केले आणि त्याला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले. १८१० मध्ये कोशही निघाला.

हेतू साम्राज्याचा होता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही भाषा शिकण्याचा भार तेथे सत्तेने स्वतःच्या माणसावर टाकला आणि त्यासाठी त्याला वेळ, शिक्षक, पुस्तक व परीक्षा दिली. स्वतंत्र भारताच्या ग्रामीण शाळेत हाच भार सहा वर्षांच्या मुलावर आहे.

मेळघाटातील पहिलीच्या वर्गात मूल कोरकू बोलत येते, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी. पाण्याला कोरकूत ‘डा’ म्हणतात, गोंडीत ‘एर’. पहिली मुंडा कुळातली भाषा, दुसरी द्राविड. म्हणजे मराठीशी दोन्हींचे नाते नाही. यांना ‘बोली’ म्हणून मराठीची अशुद्ध रूपे समजणारा शिक्षक मुलाच्या उत्तरात चूकच शोधत राहतो. जो तसे समजत नाही, तो चौथीतल्या एखाद्या मुलीला दुभाषी करून वेळ निभावतो, मुलांकडून शब्द गोळा करून भिंतीवर लावतो. हे कौतुकास्पद आहे, पण त्याच्या बदलीबरोबर ते संपते.

कायद्याची वाण नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी देण्याबद्दल आहे; २००९ चा शिक्षणहक्क कायदा ‘शक्य तेथवर’ मातृभाषा म्हणतो. त्या ‘शक्य तेथवर’मध्येच सारे अडते. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक होते. तरी आठव्या अनुसूचीत २००३ मध्ये संथाळीला मिळालेले स्थान भिलीला वा गोंडीला नाही.

स्थानिक शिक्षक नेमणे हा उपाय नेहमी सुचवला जातो. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकपदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याची अधिसूचना २०१४ मध्ये निघाली. पुढे वाद न्यायालयात गेला. पण जमातीचा दाखला भाषेची खात्री देत नाही. ओडिशाने २००६-०७ पासून आदिवासी भाषांतून आरंभीचे वर्ग चालवले, त्यात भर होता तो मुलांची भाषा येणाऱ्या शिक्षकावर आणि त्या भाषेतील पुस्तकांवर.

मराठीच्या भवितव्याची चिंता येथे आड येऊ नये. घरच्या भाषेत वाचायला शिकलेले मूल मराठीकडे अधिक आत्मविश्वासाने येते. मेळघाटात रुजू होणाऱ्या शिक्षकाला वर्गाआधी काही महिने पूर्ण वेतनावर कोरकू शिकवावी, शिकवणाऱ्या गावकऱ्याला मानधन द्यावे आणि परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास वेतनवाढ व बदलीत गुण द्यावेत. केरीच्या पंडिताला पगार होता. या गावकऱ्याला आज कोणत्या लेखाशीर्षाखाली पैसे द्यायचे, एवढे तरी शिक्षण विभागाने ठरवावे.