आईचा श्रीखंडाचा डबा

परवा आईचा फोन आला होता. पाऊस, शेजारी, गुडघे असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "अरे, तो श्रीखंडाचा डबा भरला बघ. काय करू आता त्याचं?"

डब्यात श्रीखंड नाही. गेल्या पंधरा वर्षांत घरात निकामी झालेल्या बॅटऱ्या आहेत. माझ्या पहिल्या मोबाईलची, बाबांच्या ट्रिमरची, वीज गेल्यावर लावायच्या दिव्यातली, आणि अलीकडेच पोट फुगलेली एक पॉवर बँक. घंटागाडीवरची बाई म्हणते, सुक्यात टाका. भंगारवाला म्हणतो, याचे पैसे येत नाहीत काकू. म्हणून आईने आपला डबा केला. "तुमच्या जपानात काय करतात रे?" तिने विचारलं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

मी राहतो त्सुकुबाला. टोकियोच्या अकिहाबाराहून त्सुकुबा एक्सप्रेसने पाऊण तास. संशोधन संस्थांचं गाव. लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले अकिरा योशिनो 2020 साली इथल्याच एआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेतल्या एका नव्या केंद्राचे प्रमुख झाले. अशा गावात राहणाऱ्या इंजिनियरला संपलेल्या बॅटरीचं काय करायचं हे ठाऊक असेल असं तुम्हाला वाटेल. मला नव्हतं.

जपानात 2001 पासून कायदा आहे की चार्ज होणाऱ्या छोट्या बॅटऱ्या परत घेऊन त्यातले धातू पुन्हा वापरात आणायची जबाबदारी बनवणाऱ्यांची आणि आयात करणाऱ्यांची. त्यासाठी कंपन्यांनी मिळून जेबीआरसी नावाची संस्था चालवली आहे. विजेच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानांत तिचे पिवळे डबे असतात. बॅटरीवर बाणांची खूण असते: लिथियमची निळी, निकेल-मेटल हायड्राइडची नारिंगी, निकेल-कॅडमियमची पोपटी. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची, डब्यात टाकायची, घरी यायचं.

चिकटपट्टी कशाला? तर आपण जिला संपलेली म्हणतो ती बॅटरी रिकामी झालेली नसते. फोन बंद पडतो तेव्हाही तिच्यात तीन व्होल्टच्या आसपास शिल्लक असतात. दोन टोकं कुठल्या खिळ्याला किंवा दुसऱ्या बॅटरीला टेकली की शॉर्ट. शिवाय लिथियम बॅटरीच्या आत दोन बाजूंना वेगळं ठेवणारा पडदा केसाहूनही पातळ असतो आणि भोवतीचा द्रव पेट घेणारा. कचऱ्याच्या गाडीतल्या यंत्राखाली ती चेपली की पडदा फाटतो, आणि पुढचं काम आजूबाजूचा कागद आणि प्लास्टिक करतात.

कॅडमियमची गोष्ट वेगळी. ते पेटत नाही, पण जमिनीत आणि पाण्यात उतरतं. तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम नदीत आणि तिथून भातात गेलं. माणसांची हाडं इतकी ठिसूळ झाली की रोगाचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. 1968 मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. आईच्या डब्यातल्या जुन्या दिव्याची बॅटरी बहुधा याच जातीची.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, जपानी लोक शिस्तीचे, त्यांना जमतं, आपल्याकडे कुठलं जमायला! हेच वाक्य मला खोडायचं आहे. त्यासाठी एक कबुली द्यावी लागेल.

काही वर्षांपूर्वी माझीही एक पॉवर बँक फुगली. घेऊन गेलो दुकानात. काउंटरवरच्या मुलाने कमरेत वाकून माफी मागितली आणि सांगितलं, फुगलेली घेता येत नाही, नगरपालिकेत विचारा. नियम तसाच होता, त्याचा दोष नाही. नगरपालिका सोमवारी उघडणार, मी सोमवारी कामावर. दोन आठवडे ती वस्तू बाल्कनीत होती आणि मला झोपेत धूर दिसत होता. शेवटी एका सकाळी ती वर्तमानपत्रात गुंडाळून न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घातली. लिहायला लाज वाटते, पण घातली.

पुढे 9 डिसेंबर 2024 ला, याच रेल्वेमार्गावरच्या मोरिया शहरात कचरा प्रक्रिया केंद्राला मोठी आग लागली. चार गावांचा कचरा तिथे येतो. लिथियम बॅटरीमुळे लागली असावी असा निष्कर्ष निघाला. दुरुस्तीचा अंदाज सुमारे 400 कोटी येन, म्हणजे दोनशे कोटी रुपयांच्या वर. त्या कचऱ्यात माझी पॉवर बँक नव्हती. वर्ष वेगळं, गाव वेगळं. पण बातमी वाचताना मला ते वर्तमानपत्र आठवलं.

तर मुद्दा असा. जिथे डबा होता तिथे जपानी माणूस शिस्तीने वागला. जिथे डब्याने 'नाही' म्हटलं तिथे माणसाने तेच केलं जे आपल्याकडे करतात. मी तर दोन्हीकडचा, त्यामुळे खात्रीने सांगतो. सरकारलाही ते उमगलं असावं. 2025 च्या एप्रिलमध्ये पर्यावरण मंत्रालयाने सगळ्या नगरपालिकांना कळवलं की घराघरातल्या लिथियम बॅटऱ्या गोळा करायची सोय तुम्हीच करा. लोकांना शिस्त शिकवा असं सांगून भागलं नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 2001 चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. 2022 साली नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले, त्यात सगळ्या जातीच्या बॅटऱ्या आल्या, आणि परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. ग्राहकाने बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळू नये हेही त्यात आहे. आई गेली पंधरा वर्षं ते पाळतेच आहे! पुढे कुठे द्यायची, एवढंच तिला कोणी सांगितलेलं नाही.

आणि परत देण्याची सवय आपल्याला नाही असंही नाही. इन्व्हर्टरची किंवा गाडीची जुनी बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकलेली पाहिली आहे का? जुनी दिली की नवीवर पैसे कमी होतात, म्हणून ती दुकानात जाते. (पुढे काही ठिकाणी ते शिसं उघड्यावर वितळवतात, तो वेगळा आणि वाईट विषय.) मोबाईलच्या बॅटरीचंही तसंच करावं. ज्या दुकानात मोबाईल आणि पॉवर बँक विकतात तिथे एक पत्र्याचा डबा ठेवावा, जुनी आणणाऱ्याला दहा-वीस रुपये सूट द्यावी, आणि खर्च कायद्याप्रमाणे उत्पादकाने उचलावा. आधी ओला-सुका तर नीट होऊ दे, असं काही मित्र म्हणतात. पण ओला-सुका रोजचा आहे, बॅटरी घरटी वर्षाला दोन-तीन. त्यासाठी रोजची गाडी लागत नाही.

शिवाय जपानात आग लागली ती यंत्रांमध्ये. आपल्याकडे सुका कचरा हाताने निवडला जातो. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक बायका हे काम करतात, इतर गावांत ज्यांना नाव नाही अशा कितीतरी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पॉवर बँक उघडणार ती त्यांच्यापैकी कोणीतरी.

आईला मी सांगितलं: प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लाव. फुगलेली वेगळी काढ, कोरड्या वाळूत, स्टीलच्या डब्यात, झाकण सैल ठेवून गच्चीवर सावलीत. तिला चार्जिंगला लावू नकोस, टोचू नकोस. मोबाईलच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांना विचार, आणि सुक्यात टाकायची वेळ आलीच तर टाकू नकोस, मी येईपर्यंत थांब.

काल पुन्हा फोन. "चिकटपट्ट्या लावून झाल्या. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, आमच्या कंपनीच्याच घेऊ. बाकीच्यांचं काय?"

मी अजून उत्तर शोधतोय. तुमच्या गावात कोणी घेत असेल तर कळवा.