गॅसची गोळी कधी थांबणार?

संध्याकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही गावातल्या मेडिकलपाशी दहा मिनिटं उभं राहिलं, तर हे दृश्य दिसतंच. एखादी मावशी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा काढते. "दादा, हीच द्या, एक पाकीट." दुकानदार तुकड्याच्या रंगावरूनच गोळी ओळखतो आणि नवं पाकीट पुढे करतो. पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ असते, म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. चिठ्ठी कोणी मागत नाही. मावशींना गुडघेदुखीसाठी कधीतरी पाच दिवसांच्या दुखीच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि पोटाला त्रास नको म्हणून जोडीला ही एक, सकाळी उपाशीपोटी. दुखीच्या गोळ्या पाच दिवसांत संपल्या. ही तीन वर्षं चालू आहे.

घरोघरी तिला गॅसची गोळी म्हणतात, पण गॅसशी तिचा फारसा संबंध नाही. पॅन्टोप्रॅझोल, राबेप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. त्यातलं पहिलं, ओमेप्रॅझोल, १९८८ साली युरोपात बाजारात आलं आणि अल्सरचे उपचारच बदलले. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. गोळी त्यांना असं जखडते की ते पंप पुन्हा सुरू होत नाहीत, शरीराला नवे तयार करावे लागतात. म्हणून औषध काही तासांत रक्तातून गेलं, तरी परिणाम दिवसभर टिकतो. मात्र ती चालू पंपांनाच पकडते आणि पंप जोरात चालू होतात ते जेवणाने. खाण्याआधी अर्धा ते एक तास, ही सूचना त्यासाठी आहे. सकाळी सहाला गोळी, वर नुसता चहा आणि पहिला घास अकराला, असा अनेक घरांतला क्रम असतो. त्यात औषधाचा बराचसा जोर वाया जातो. रात्री भरपेट जेवून छातीत जळजळल्यावर घेतलेल्या गोळीचंही तेच.

वर्षानुवर्षं घेतल्याने काय होतं? इथे घाबरवणारे मेसेज भरपूर फिरतात, त्यामुळे नीट सांगायला हवं. सुमारे साडेसतरा हजार हृदयरुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत पॅन्टोप्रॅझोल आणि खोटी गोळी यांची साधारण तीन वर्षं तुलना झाली. पॅन्टोप्रॅझोल घेणाऱ्यांत आतड्याचे संसर्ग थोडे जास्त आढळले, बाकी मोठा धोका दिसला नाही. म्हणजे गरज असलेल्याने ही गोळी बिनघोर घ्यावी. पण विनाकारण घेणाऱ्याने तो थोडासा धोका तरी का पत्करावा? या औषधांमुळे क्वचित मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. दीर्घकाळ घेतल्यास रक्तातलं मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला.

महाराष्ट्राने बी-१२ कडे जास्त लक्ष द्यायला हवं. अन्नातलं हे जीवनसत्त्व सुटं व्हायला आम्ल लागतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या आणि खेड्यांतल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी निघालं. शाकाहारी ताट, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन (त्यानेही बी-१२ घटतं) आणि वर रोजची ही गोळी, असं त्रिकूट ज्यांच्या घरात आहे, त्यांनी पायाला येणाऱ्या मुंग्या नुसत्या वयावर ढकलू नयेत.

मग लोक गोळी सोडत का नाहीत? सोडून पाहिलेली असते, पण दोन दिवसांत जळजळ दुपटीने उसळते. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर याचीच परीक्षा झाली. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल दिलं आणि मग थांबवलं. पोटाचा कसलाही आजार नसताना, पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास झाला. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. दाबून ठेवलेलं आम्ल काही काळ जास्तच सुटतं, आणि माणसाला वाटतं, आपल्याला या गोळीवाचून गत्यंतर नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने चाळीसची वीस करणं, मग दिवसाआड घेणं, मधल्या जळजळीला साधं अँटासिड, रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास आणि उशाकडची बाजू उंच, एवढं केलं की बहुतेकांचा तो काळ निभतो.

सगळ्यांनी मात्र हे करू नये. अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेले, रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या घेणारे किंवा अन्ननलिकेला गंभीर सूज असलेले रुग्ण यांच्यासाठी ही गोळी ढाल आहे, तिला परस्पर हात लावायचा नाही. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्रॅझोल टाळावं, कारण ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं. गिळताना अडकणं, काळी शौच, कारण नसताना उतरलेलं वजन, यांपैकी काही दिसलं तर मेडिकलकडे न जाता थेट डॉक्टर गाठावा. छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ असेल, तर 'गॅस असेल' म्हणून गोळी देऊन वाट पाहू नये.

डोमपेरिडोनची जोडी असलेली कॅप्सूलही लोक तितक्याच सहज घेतात. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये डोमपेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी, आणि तेही सहसा आठवड्याच्या आतच वापरावं असं ठरवलं, कारण हृदयाची लय बिघडण्याचा धोका. इथे तीच कॅप्सूल पोट फुगलं म्हणून महिनोन्महिने घेतली जाते.

यात सुधारणा करणं खर्चाचं काम नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सकाळी एक' लिहिताना शेजारी 'सहा आठवडे' किंवा 'पाच दिवस' लिहावं आणि मेडिकलवाल्याने तो आकडा वाचावा. तोवर मावशींनी पुढच्या भेटीत स्ट्रिपचा तो तुकडा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून विचारावं, "दुखीच्या गोळ्या केव्हाच संपल्या, मग ही अजून कशासाठी?"