योजना नेमकी सापडते कुठे?



नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारला एस.टी.ची वाट पाहत उभे राहिलात, तर एक वाक्य हमखास कानी पडते, "योजना काय, ओळखीच्यांनाच मिळतात!" ओळखीपेक्षा जास्त अर्ज अडतात ते अपुऱ्या कागदांनी आणि चुकलेल्या क्रमाने, असे आमचे मत आहे. म्हणून आज त्या क्रमाविषयीच बोलू.

आपला हा प्रवरेच्या कालव्यांचा मुलूख. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाणी आले, ऊस आला, आणि पाट मोकाट सोडण्याची सवयही आली. पाण्याला निचरा नसला की क्षार वर येतात, वावरात पांढरा थर दिसू लागतो, आणि एकेकाळची सोन्यासारखी काळी जमीन चोपण होते. तेव्हा ठिबकचे अनुदान म्हणजे फुकटचे चार पैसे एवढाच त्याचा अर्थ घेऊ नका. जमीन राखण्याचे ते काम आहे. मात्र जी जमीन आधीच बिघडली, तिथे नुसत्या ठिबकने भागत नाही, निचऱ्याचे चर काढावे लागतात. त्यासाठी आधी माती तपासून घ्या. बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याला काही दूर नाही.

आता अनुदानाचे पाहू. राज्यात ठिबक-तुषारसाठी अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. पण लक्षात ठेवा, हे टक्के सरकारने ठरवलेल्या खर्चावर धरतात, दुकानदाराच्या बिलावर नव्हे!

पहिली पायरी शेतकरी ओळख क्रमांकाची. एप्रिल २०२५ पासून त्याच्याशिवाय कृषी खात्याच्या योजनांचे दार उघडत नाही. आधार आणि सातबारा यांवरचे नाव जुळते ना, ते आधी पाहा. एकीकडे 'बाळासाहेब' आणि दुसरीकडे 'बाळू' असेल तर तिथेच घोडे अडते. मग सेवा केंद्रावरून महाडीबीटीवर अर्ज करायचा. पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून आधी अर्ज करील त्याचा नंबर आधी. म्हणजे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारा मागे पडला. अर्जात मोबाइल नंबर घरात कायम राहणारा द्या. पोराने नंबर बदलला आणि निवडीचा निरोप कुणी वाचलाच नाही, असे व्हायला नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्वसंमती हाती येईपर्यंत संच विकत घेऊ नका. घाई केली तर अनुदान गेलेच म्हणून समजा.

शंका आली तर कृषी सहायकाला गाठा. आता त्यांना 'सहायक कृषी अधिकारी' म्हणायचे. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. पाट्या बदलल्या, माणसे तीच! तालुक्याची कचेरी राहात्याला आहे.

घरातल्या मायबहिणींनी पुढचे नीट ऐकावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. विहिरीत पाय घसरला, मोटारीचा शॉक बसला, वीज पडली, साप चावला, आणि माणूस गेला, तर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. यासाठी कुठला हप्ता भरावा लागत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी तर त्यात येतोच, पण नाव नसलेली घरातली एक व्यक्तीही येते. म्हणजे खुरपायला गेलेली बाईसुद्धा, बरं का! वय दहा ते पंचाहत्तर.

मात्र अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायला हवा. दुःखाच्या घरात कागदाची आठवण कुणाला राहणार? म्हणून हे काम भावकीतल्या किंवा शेजारच्या एखाद्या जाणत्याने अंगावर घ्यावे. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, वयाचा पुरावा आणि पोलिसांचा पंचनामा गोळा करावा. पंचनामा त्याच वेळी झाला नाही तर पुढे फार हेलपाटे पडतात. अर्ज दिल्यावर तारखेची पोच मागून घ्यावी, आणि ती सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवावी.